कोल्हापुरात शनिवार-रविवार, माणशी दिवसाला ७०० रुपये: काय, कुठे आणि किती वाजता जेवावं?

सहकुटुंब_सहल

नमस्कार मंडळी. डिसेंबरात शनिवार-रविवार कोल्हापूर करायचं ठरलंय. चौघं आहोत: आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाई शाकाहारी, मुलीला तिखट चालत नाही, आम्ही दोघं मटणासाठीच येतोय. महालक्ष्मी एक्सप्रेसने शनिवारी सकाळी पोचू, रविवारी रात्री त्याच गाडीने परत. राहणं-फिरणं वेगळं, फक्त खाण्यापिण्याला माणशी दिवसाला ७०० रुपये काढून ठेवलेत. हॉटेलांची नावं सगळीकडे मिळतात, ती नकोत. कुठल्या वेळी काय खावं, ताटात काय बघावं, कुठे पैसे वाया जातात, हे तिथल्या माणसांनी सांगावं ही विनंती.

करवीर_पेठ

७०० पुरतात, आणि मन मारून नाही, व्यवस्थित पुरतात. सध्याचे साधारण भाव धरून चला: मिसळ ब्रेडसकट ८० ते १२०, साधं मटण ताट ३०० ते ४००, भेळ ५०-६०, लोणी डोसा ६० ते ९०, ग्लासभर धारोष्ण दूध ४०-५०. हे सगळं एका दिवसात एका पोटात मावत नाही, त्यामुळे पैसे उरतातच.

वाया जातात ते वेळ चुकल्यामुळे. इथलं खाणं घड्याळाला बांधलेलं आहे. मिसळ सकाळी साडेआठ ते साडेदहा. मटण दुपारी बारा ते दोन, नाहीतर रात्री साडेसात ते साडेनऊ. भेळ ऊन उतरल्यावर, दूध त्यानंतर. पर्यटक नेमके उलटं करतात: देवळाच्या रांगेतून दीडला बाहेर पडतात, दोनला मिसळ शोधतात, ती संपलेली असते. मग चार वाजता मटणाला जातात, तेव्हा बहुतेक खानावळींची चूल थंड असते. उघडं असतं ते सगळं काही मिळणारं मोठं हॉटेल. तिथे मेनूकार्डावर पंजाबी, चायनीज आणि कोपऱ्यात ‘कोल्हापुरी ताट’. पैसे दीडपट जातात आणि कोल्हापूर जिभेला लागतच नाही.

तुमच्यासाठी क्रम असा लावेन. शनिवारी सकाळी मिसळ, मग अंबाबाई, दुपारचं जेवण पन्हाळ्यावर झुणका-भाकरी, संध्याकाळी खासबागेत भेळ, रात्री गंगावेशीत दूध. रविवारी सकाळी अगदी हलकं आणि बाराच्या ठोक्याला मटण. त्यानंतर रात्री गाडीपर्यंत फारशी भूक लागत नाही.

जाळ_धूर

पेठवाल्यांनी बरोबर सांगितलंय, पण रविवारी सकाळी हलकं कशापायी? मिसळ हाणायची आणि दुपारी मटण. हितली पोरं तेच करत्यात.

मिसळ कशी खायची ते सांगतो, कारण भाईरची माणसं बसल्या बसल्या पाव मागत्यात. हितं मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस येत्यात. कट म्हंजी मिसळीचा तिखट रस्सा. त्यो पातळ असतोय, त्यो ब्रेडच शोषून घेतोय. पाव वरनं भिजतोय, आत कोरडा ऱ्हातोय. प्लेटीत खाली मटकीची उसळ, काही ठिकाणी बटाट्याची भाजी, वर चिवडा-फरसाण, शेव, कच्चा कांदा, कोथिंबीर. कट वायला वाटीत मागून घ्या. सगळा एकदम वतू नका. आधी दोन पळ्या, चार घास, मग परत दोन पळ्या. फरसाण दोन-तीन मिनटांत मऊ पडतंय, म्हणून मिसळ पुढ्यात आल्यावर फोटो काढत बसायचं न्हाई. लिंबू शेवटी न्हाई, पहिल्यांदाच पिळायचं, म्हंजी मटकीपत्तूर जातंय.

कट परत मिळतोय, त्याला पैसे पडत न्हाईत बहुतेक ठिकाणी. ब्रेड ज्यादा घेतला की पडत्यात. दही मागवलं की दहा-वीस रुपये. तिखट झेपत न्हाई त्यांनी दही मिसळीत कालवायचं न्हाई, बाजूला घ्यायचं आणि मधीमधी चमचा मारायचा. कालवलं की कटाची चवच जाती.

उद्यमनगरात फडतरे, खासबागेजवळ खासबाग मिसळ, कसबा बावड्यात बावडा मिसळ. तिन्हींचं नाव हाय. रविवारी तिन्हीकडं रांग, शनिवारी त्या मानानं कमी. म्हणून रांग नको असंल तर मिसळ शनिवारीच घ्या, एवढं पेठवाल्यांचं मला पटलं.

चुलवण

साडेदहाच्या आत जा असं करवीर_पेठ का म्हणतात त्याचं कारण स्वयंपाकघरात आहे. कट पहाटे होतो. कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण भाजून वाटायचं, तेलात परतून वाटणाला तेल सुटू द्यायचं, मग चटणी (म्हणजे आमचा कांदा-लसणाचा कोरडा मसाला) आणि मटकीचं पाणी. पहिले दोन-तीन तास तो एकसारखा असतो. पुढे मोठ्या पातेल्याखाली आच चालूच राहते, कट आटतो, खारट होतो. मग गरम पाणी वाढवलं जातं. पाणी वाढवल्यावर वर तेलाची तर्री तीच दिसते, खाली मात्र दम नसतो. अकरानंतरच्या मिसळीत तिखटाचा चटका आधी लागतो आणि खोबऱ्याची गोडी मागे लागत नाही, ते यामुळे.

मुलीसाठी एक करा. कटाशिवाय फक्त उसळ, शेव आणि ब्रेड मागा. कुणी नाही म्हणत नाही. उसळ बहुतेक सौम्य असते, तरी आधी चमचाभर चाखून बघा.

सहकुटुंब_सहल

खूप उपयोगी. मटणाच्या ताटाचं कुणी असंच उलगडून सांगेल का? साधं, स्पेशल, महाराजा, अशा पाट्या दिसतात आणि दुपटीचा फरक असतो.

चुलवण

साधं घ्या. साध्या ताटात सुक्कं मटण, तांबडा आणि पांढरा रस्सा, दोन चपात्या किंवा भाकरी, दही-कांदा, लिंबू आणि भात येतो. स्पेशल म्हणजे त्यात खिम्याची वाटी, उकडलेलं अंडं, कुठे बिर्याणीची मूद, कुठे मटण लोणचं. तांबडा-पांढरा दोन्हीकडे तोच, एकाच पातेल्यातला, आणि रस्सा दोन्हीत पुन्हा मिळतो. कोल्हापूरची चव रश्श्यात असते आणि रस्सा साध्या ताटात पुरेपूर आहे. जास्तीचे दीडशे-दोनशे रुपये अंड्याला आणि भाताला का द्यायचे? खिमा चाखायचाच असेल तर दोघांत मिळून एक वाटी वेगळी मागवा.

दोघांत एक ताट मात्र मागू नका. रस्सा पुन्हा मिळतो म्हणून बहुतेक ठिकाणी ताट वाटून खायला मनाई असते, आणि ती रास्तच आहे.

आता ताट समोर आल्यावर काय बघायचं. पांढऱ्यापासून सुरुवात करतो.

पांढरा रस्सा म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, ज्याला आपण अळणी म्हणतो, आणि नारळाचं दूध. अर्धा किलो हाडासकट मटणाच्या अळणीला एका नारळाचं दूध, दोन चमचे खसखस, दोन चमचे पांढरे तीळ, आठ-दहा काजू. तुपात तीन-चार लवंगा, बोटभर दालचिनी, दोन-तीन वेलदोडे, पाच-सहा मिरे. तिखटपणा हिरव्या मिरचीचा आणि मिऱ्याचा, लाल तिखटाचा कणही नाही. नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळी आणायची नाही, नाहीतर फुटतो. कडेला वाफ दिसली की आच मंद करायची आणि ढवळत राहायचं. मोठ्या हॉटेलात दोनशे माणसांसाठी हे सांभाळणं कठीण जातं, म्हणून काही जण कॉर्नफ्लॉवर लावून रस्सा बांधून टाकतात. तो फुटत नाही, पण ओळखू येतो. दोन मिनिटं वाटी तशीच ठेवा. वर कातड्यासारखी साय धरली आणि ओठाला चिकट लागलं तर समजा. खरा पांढरा पातळ असतो. वाटीच्या तळाशी खसखस-तिळाचं बारीक, रवाळ वाटण बसतं आणि शेवटच्या घोटाला दाताखाली येतं.

आणि तो कढत असतानाच प्या. मटणाची चरबी निवली की थिजते, टाळूला थर बसतो आणि मग पुढच्या कशाचीच चव लागत नाही. गार आला तर संकोच न करता परत द्या. चांगल्या ठिकाणी वाढपी स्वतःच वाटी बदलतो.

तांबड्यात रंग बघा. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. त्यामुळे अस्सल तांबड्यावर केशरी-लाल तवंग असतो, तो चमच्याने बाजूला सारला की खालचा रस्सा भाजलेल्या खोबऱ्या-कांद्यामुळे तपकिरी झाकेचा दिसतो. वरपासून तळापर्यंत एकसारखा लालभडक असेल तर त्यात खाण्याचा रंग पडलाय. तो रंग पाण्यात विरघळतो, हात धुतल्यावरही नखांच्या कडेला गुलाबी राहतो. हायवेला ‘अस्सल कोल्हापुरी’ अशी मोठी पाटी लावलेल्या काही ठिकाणी हेच चालतं.

करवीर_पेठ

यात तिखटाचं जोडतो. तांबडा रस्सा जाळ काढणारा असलाच पाहिजे हा समज बाहेरचा आहे. इथल्या घरांत होतो तो तांबडा झणझणीत असतो, पण खाणारा माणूस दोन-तीन वाट्या पितो. पिता येत नसेल तर रस्सा कसला? आमच्या चटणीत ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी किंवा लवंगी तिखटाला घेतात. शिवाय कांदा, लसूण, खोबरं, धणे, तीळ, कोथिंबीर, खडा मसाला. तिखटाइतकाच भाजक्या खोबऱ्याचा आणि लसणाचा वास आला पाहिजे. नुसतं तिखट लागून घशात आग होत असेल तर तिथे चटणीऐवजी साधी मिरचीपूड ढकललेली असते. तिखट लागल्यावर पाणी पिऊ नका. तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, सगळ्या तोंडात पसरतो. पांढऱ्याचा घोट घ्या, नाहीतर दही-कांदा. ताटात ते त्यासाठीच आहेत.

जेवायचा क्रम: आधी अर्धी वाटी पांढरा नुसता प्यायचा. मग भाकरी आणि सुक्कं. दुसरी भाकरी तांबड्यात कुस्करून. मधे मधे पांढरा. शेवटी भात: अर्ध्यावर तांबडा, अर्ध्यावर पांढरा. भाकरी आधी, भात नंतर, हे मोडू नका. भात आधी खाल्लात तर पोट भरतं आणि भाकरी-सुक्कं राहून जातं. चपाती आणि भाकरी यांत विचारलं तर भाकरी सांगा. ज्वारीची भाकरी रस्सा धरते, शिवाय तव्यावरची गरम मिळते. चपात्या गर्दीच्या वेळी आधी करून ठेवलेल्या असतात.

जाळ_धूर

सुक्क्यात काय मागायचं ते पन सांगा की! वाढताना “नळी घाला” म्हणायचं. असंल तर घालत्यात. नळी ताटावर आपटायची न्हाई, एका बाजूनं बोट लावून वढायची. आणि मटण पालव्याचं हाय का इचारा. कवळं बकरं असलं की हाड बारीक आणि मांस लगेच सुटतंय. जून असलं की हॉटेलवालं सोडा नाहीतर पपई लावत्यात, मग मांस मऊ लागतंय पन त्याला धागाच ऱ्हात न्हाई, पिठावानी हुतंय.

रेल्वेरूळ

वार आणि तारखेचं कुणी बोललं नाही. कोल्हापुरात मटणाचे वार बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्या दिवशी उलाढाल जास्त, त्यामुळे मटण ताजं. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत मटण शिजत नाही. हॉटेलं चालू असतात, पण छोट्या खानावळी त्यातल्या एखाद्या वारी बंद असू शकतात. तुम्ही येताय तेव्हा मार्गशीर्ष असेल तर गुरुवारी हे आणखी जाणवतं. म्हणून करवीर_पेठ यांनी रविवार दुपार धरली ते योग्य. फक्त रविवारी साडेबारानंतर पाऊण-एक तासाची रांग धरा. पावणेबाराला दारात उभं राहणं हा एकच उपाय.

स्टेशन, मध्यवर्ती बस स्थानक, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी हे सगळं एकमेकांना लागून आहे, चालत होतं. लक्ष्मीपुरीतलं पद्मा गेस्ट हाऊस मटण ताटासाठी जुनं नाव आहे आणि सामान घेऊनही गाठता येतं. देहाती, परख, ओपल ही नावंही ऐकाल. त्यातल्या काहींची ताटं तुमच्या हिशेबापेक्षा थोडी वर जातील, बसण्याआधी भाव विचारा.

घासपूस

सासूबाईंचा विचार कुणीच केला नाही, म्हणून लिहिते. मटणाच्या खानावळीत त्यांना सोबत नेऊन “व्हेज काहीतरी द्या” असं करू नका. तिथे शाकाहारी म्हणून पनीर किंवा मिक्स भाजी येते, बहुधा त्याच वाटणात, आणि सगळीकडे मटणाचा वास. त्यांचं जेवण वेगळं आणि चांगलं होऊ शकतं.

एक, अंबाबाईच्या देवळाजवळ दुपारी अन्नछत्रात प्रसादाचं जेवण असतं. साधं, गरम, स्वच्छ. वेळ तिथे गेल्यावर आधी विचारून ठेवा. दोन, महाद्वार रोडच्या आसपास शाकाहारी थाळीची ठिकाणं आहेत, १५० ते २०० रुपयांत पोटभर. तीन, अख्खा मसूर. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात ढाब्यांवर हा शाकाहाऱ्यांचा खास पदार्थ. मसूर न फोडता, न घोटता, दाणा सुटा राहील असा शिजवलेला, वर कांदा-लसणाची फोडणी, सोबत भाकरी किंवा रोटी. दाणे फुटून वरणासारखा झाला असेल तर तो बिघडलेला. त्या कांदा-लसूण खात असतील तर हा चुकवू नका, नसतील तर अन्नछत्राचंच बघा. ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची लाल भाजी मागवण्यात अर्थ नाही, इथल्या घरांत ती कुणी करत नाही.

आणि पन्हाळ्याचं जेवण खरं तर त्यांच्यासाठीच आहे. शहरापासून साधारण २० किलोमीटर. गडावर बायका चुलीवर भाकरी थापून देतात: झुणका, भरलं वांगं, मिरचीचा खर्डा, दही, कांदा. १०० ते १५० रुपये. बसण्याआधी तवा बघा. भाकरी तुमच्यासमोर थापली जात असेल तिथे बसा, टोपलीत फडक्याखाली रचलेली असेल तिथे नको. डिसेंबरच्या गार वाऱ्यात टोपलीतली भाकरी पंधरा मिनिटांत वातड होते. झुणका कोरडा, मोकळा हवा आणि बेसनाचा कच्चा वास नको. खर्डा वेगळ्या वाटीत मागा, मुलीच्या ताटाला लागू देऊ नका. तिला दही-भाकरी-गूळ द्या.

सहकुटुंब_सहल

घासपूस ताई, मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. मुलीने रविवारी मटणाच्या ठिकाणी काय खावं? पांढरा चालेल का?

चुलवण

पांढरा दिसतो सौम्य, पण त्यात हिरवी मिरची आणि मिरी असते. आधी चमचाभर चाखवा. त्याहून चांगलं म्हणजे अळणी मागा. “लहान मुलासाठी अळणी रस्सा आणि दोन फोडी” एवढं सांगितलं की बहुतेक खानावळींत समजतं. पांढरा-तांबडा दोन्ही त्यातूनच होतात, त्यामुळे पातेल्यात असतोच. पण एकनंतर तो संपत येतो, म्हणून बसल्याबरोबर सांगा. अळणी, मऊ भात, वर चमचाभर तूप. मुलं हे आवडीने खातात. त्याचे वेगळे पैसे लावतात का ते आधी विचारा. कुठे लावतात, कुठे नाही.

करवीर_पेठ

शनिवार संध्याकाळ राहिली. खासबाग मैदान, म्हणजे शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेलं कुस्तीचं मैदान, त्याला लागूनच खाऊगल्ली. राजाभाऊंची भेळ इथलीच. भेळ कालवल्याबरोबर उभ्यानेच खा, चुरमुरे पाच मिनिटांत दमतात. बांधून नेऊ नका. न्यायचीच असेल तर ओली चटणी वेगळ्या पिशवीत मागा. मुलीसाठी “गोड चटणी जास्त, तिखट नको” म्हणा. तिथेच आसपास दावणगिरी लोणी डोसा, वर लोण्याचा गोळा, बाजूला बटाट्याची भाजी आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. रविवारी सकाळचं ‘हलकं’ म्हणजे चौघांत दोन असे डोसे आणि चहा, एवढंच माझं म्हणणं होतं.

जाळ_धूर, मिसळ आणि मटण एका दिवशी खाणारे इथले खाऊ देत. रात्रभर गाडीत बसून आलेल्या आणि पुन्हा रात्री गाडीत झोपायच्या माणसाला ते सोसत नाही. दोन्हींत तेच भाजकं खोबरं, तेच तेल. दुसऱ्याची चवही पुरती लागत नाही.

जाळ_धूर

बरं बाबा, पावण्यांच्या पोटाचा इचार करून मान्य. पन शनिवारी रात्री कट-वडा तरी खाऊ देत. बटाटावडा फोडून वर कट, कांदा, शेव. दोघांत एक. तेवढ्यानं काय हुत न्हाई.

आहार_सल्ला

गंगावेशीतल्या दुधाबद्दल थोडं सावधपणे लिहिते. संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात. ग्लासात निम्मा फेस, दूध कोमट आणि घट्ट. कोल्हापूरच्या तालमींची ही सवय आहे आणि बघण्यासारखी आहे. पण ते न तापवलेलं दूध आहे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात, म्हणून लहान मुलं, गरोदर बाया आणि वयस्कर माणसांनी पिऊ नये. मुलीला आणि सासूबाईंना त्याच भागात कढईतलं आटवलेलं गरम दूध बघा. मोठ्यांनाही म्हशीच्या पूर्ण ग्लासाची सवय नसेल तर पोट फुगतं. दोघांत एक ग्लास घ्या. धार काढण्याआधी सड धुतात का आणि ग्लास विसळलेला आहे का, हे बघूनच हात पुढे करा.

रविवारी दुपारी मटण झाल्यावर लगेच आइस्क्रीम नको. तीन-चार तास जाऊ द्या. मग सोळंकींचं कॉकटेल घ्या. ते उंच ग्लासात येतं, आइस्क्रीम, फळं, जेली सगळं एकावर एक. दोघांना एक पुरतं आणि मुलगी खूश होईल.

रेल्वेरूळ

गाडीतल्या रात्रीच्या खाण्यासाठी पाच-सहाच्या सुमारास वडा-ब्रेड बांधून घ्या, वडे कागदात, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. वाफ कोंडली की वरचं आवरण लिबलिबीत होतं. सोबत जयसिंगपूरचं भडंग घ्या, शहरात सगळीकडे मिळतं. लसूण आणि चटणी परतून लावलेले कुरकुरीत चुरमुरे, मुंबईपर्यंत टिकतात.

सहकुटुंब_सहल

शेवटचा प्रश्न. तांबडा-पांढरा बांधून घरी नेता येईल का? आणि चटणी कुठली घ्यावी?

चुलवण

पांढरा नेऊ नका. नारळाचं दूध आणि मटणाचं पाणी, डिसेंबरातसुद्धा सहा-सात तासांत आंबतं, आणि घरी परत उकळलात तर फुटतं. तांबडा थोडा बरा, पण रात्रभराच्या प्रवासाला तोही भरवशाचा नाही. न्यायचंच असेल तर मटण लोणचं न्या. कोरडं, तेलात बुडलेलं, बरणीत भरलेलं. झाकणाखाली तेलाचा थर फोडींच्या वर आहे ना आणि तारीख आहे ना, एवढं बघा.

चटणी पाव किलोच घ्या, किलोभर नको. घरोघरी ती उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये वर्षाची करतात, त्यामुळे डिसेंबरात दुकानात मिळेल ती एकतर उन्हाळ्यातली किंवा नुकती डंकावर कुटलेली. नुकती कुटलेली मागा. चिमूटभर तळहातावर घेऊन चोळा: आधी लसूण, मग खोबऱ्याचा वास यायला हवा, हाताला तेलकट लागली पाहिजे. जुन्या तेलाचा खवट वास आला तर खोबरं बिघडलंय. रंग गडद लाल, थोडा काळसर असतो. विटेसारखा उजळ असेल तर वाटण कमी आणि पूड जास्त आहे. घरी आल्यावर काचेच्या बरणीत दाबून भरा, मधे हवा राहू देऊ नका, आणि ओला चमचा घालू नका. तुमच्याकडे दमट हवा असेल तर बरणी फ्रिजमध्येच ठेवा. अर्धा किलो मटणाला दोन सपाट चमचे इथपासून सुरू करा. बाजारच्या मसाल्याच्या मापाने टाकलीत तर तिखट होईल. आणि चटणी वाटण परतून झाल्यावर, आच कमी करून घाला, अर्ध्या मिनिटात लगेच गरम पाणी. तापलेल्या तेलात ती पटकन करपते, मग सगळा रस्सा कडू होतो आणि त्याला काही उपाय नाही.